बस का खोळंबली?

वर्गात उशिरा आलेल्या विद्यार्थ्याने "सर, बस उशिरा आली" असे म्हटले, की वर्गात हशा पिकतो. हे कारण इतके जुने आणि झिजलेले आहे, की ते खरे असले तरी कोणाला खरे वाटत नाही. सरही हसून "बसा" म्हणतात आणि तास पुढे चालू होतो. पण बस उशिरा का आली, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तो येथे विचारावा आणि माझ्या अल्पमतीला त्याचे जे उत्तर सापडले आहे ते सहाध्यायांपुढे व प्राध्यापकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी रोज कात्रजच्या बाजूने येतो. स्वारगेटपर्यंत बस रखडत का होईना, पण चालत असते. तेथून ती बाजीराव रस्त्याला लागते. भिकारदास मारुती मागे पडला आणि शनिपार जवळ आले, की बसचे इंजिन नुसते गुरगुरू लागते. बाजीराव रस्ता एकेरी वाहतुकीचा आहे. समोरून गाडी येण्याचा प्रश्न नाही. सिग्नल हिरवा असतो. तरीही बस उभी! उभे असलेले प्रवासी माना उंचावून पुढे पाहतात, आणि पुढे बहुधा एकच दृश्य दिसते : कडेला मोटारींची रांग, आणि त्या रांगेला खेटून, रस्त्याच्या अंगाला, मागचे फळके पाडून उभा असलेला एक टेम्पो. दोन माणसे त्यातून खोकी उतरवीत असतात. चालक दुकानाच्या पायरीवर पावतीवर सही घेत असतो. आमच्या बसचा चालक भोंगा वाजवितो, टेम्पोवाला हात वर करून "झालंच" अशी खूण करतो, आणि तीनचार मिनिटे निघून जातात.

गेल्या सत्रातील एका सकाळची गोष्ट सांगतो. शनिपारच्या थांब्यापाशीच असा एक टेम्पो उभा होता, आणि त्याच्या मागे दुसरा. बसला कडेला घेणे शक्य नव्हते, म्हणून चालकाने ती रस्त्याच्या मध्यातच थांबविली. एक आजीबाई हातात पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांनी खाली पाऊल टाकले, आणि त्याच क्षणी बस व टेम्पो यांच्या मधल्या फटीतून एक स्कूटर सुसाट गेली. कंडक्टरने आजींचा दंड धरून त्यांना मागे ओढले म्हणून बरे. त्यांच्या पिशवीतली लिंबे रस्त्यावर घरंगळली. "देवाची कृपा" असे म्हणून त्या उतरल्या, आणि बस पुढे निघाली. त्या दिवशी मी तोंडी परीक्षेला पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचलो. पण माझ्या उशिराचे मला तितकेसे काही वाटले नाही. ती लिंबे मात्र डोळ्यांपुढून हलेनात. बसथांबा ही म्हाताऱ्या माणसाला निर्धास्तपणे चढता-उतरता यावे म्हणून राखलेली जागा. तीच जर खोक्यांना दिली, तर आजीबाईंनी उतरायचे कोठे?

आता कोणी म्हणेल, याला कायदा नाही का? आहे. केंद्र सरकारने १९८९ साली केलेल्या रस्त्याच्या नियमांतच स्पष्ट लिहिलेले होते, की उभ्या असलेल्या वाहनाशेजारी दुसरे वाहन उभे करू नये आणि बसथांब्याजवळही वाहन लावू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा किरकोळ गुन्ह्यांचा सर्वसाधारण दंड शंभर रुपयांवरून पाचशे रुपयांवर नेण्यात आला. म्हणजे नियम आहे, दंडही आहे. तरी टेम्पो उभाच आहे! तेव्हा नुसत्या नियमाने भागत नाही, हे उघड आहे. का भागत नाही, ते पाहण्यापूर्वी नुकसान किती होते त्याचा थोडा हिशेब करू.

समजा, एखादा रस्ता आठ मीटर रुंद आहे. एका कडेला मोटारी उभ्या आहेत, त्यांनी दोन मीटर घेतले. दुसऱ्या कडेला दुचाक्या तिरप्या लावल्या आहेत, त्यांनी पावणेदोन-दोन मीटर घेतले. उरले सव्वाचार मीटर. त्यात दीड मीटर रुंदीचा टेम्पो उभा राहिला, की उरले पावणेतीन. बसची रुंदी अडीच मीटरांहून थोडी जास्तच, आणि बाहेर आलेले आरसे वेगळे. म्हणजे दोन्ही बाजू मिळून वीतभर जागा राहिली, आणि त्याच जागेतून पदचारीही चालले आहेत! रिक्षा वाट काढते, स्कूटर तर पाण्यासारखी कोठूनही वाहते. पण बारा मीटर लांबीच्या बसला वळसा घेता येत नाही. रस्त्यावरचा अडथळा सर्वांना सारखा नसतो. ज्या वाहनात सर्वांत जास्त माणसे बसलेली असतात, त्यालाच तो सर्वांत जास्त जाचतो.

बसमध्ये साठ माणसे आहेत आणि ती चार मिनिटे अडकली, तर साठ गुणिले चार म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे, अर्थात माणसांचे चार तास वाया गेले. एका टेम्पोने, एका बसचे! मागची बस आणि तिच्या मागची बस यांचा हिशेब निराळाच.

हे चार मिनिटांवर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. परंतु उशीर हा व्याजासारखा वाढत जातो. दर दहा मिनिटांना एक बस आहे आणि प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक उतारू येऊन उभा राहतो, असे धरा. बस वेळेवर आली तर दहा माणसे चढतील. प्रत्येकाला तीन सेकंद लागले तर तीस सेकंदांत बस निघेल. चार मिनिटे उशिरा आलेल्या बसची वाट पाहात चौदा माणसे उभी असतील, आणि तिला बेचाळीस सेकंद थांबावे लागेल. म्हणजे ती आणखी मागे पडली. पुढच्या थांब्यावर आणखी माणसे, आणखी उशीर. उलट तिच्या मागच्या बसला सहाच माणसे मिळतात, ती झपाझप पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ साली गणिताने दाखविलेली ही गोष्ट आपण थांब्यावर रोज डोळ्यांनी पाहतो : अर्धा तास एकही बस नाही, आणि मग दोन बस एकीमागून एक, पहिली खच्चून भरलेली, दुसरी रिकामी. आपण पीएमपीला शिव्या देतो. त्या सर्वच अनाठायी असतात असे नाही. बस वाटेत बंद पडतात, संख्येने अपुऱ्या आहेत, हेही खरेच आहे. पण यातल्या काही शिव्यांचा मालक दुसराच असतो.

"मग बस वाढवा" असे सहज म्हटले जाते. तेथेही एक हिशेब आहे. एक फेरी जाऊन येऊन साठ मिनिटांत होत असेल, तर दर दहा मिनिटांना बस सोडण्यासाठी सहा बस पुरतात. अडथळ्यांमुळे त्याच फेरीला ऐंशी मिनिटे लागू लागली, तर तेवढीच सेवा देण्यासाठी आठ बस लागतात. म्हणजे करदात्यांच्या पैशाने घेतलेल्या दोन नव्या बस, त्यांचे दोन चालक आणि दोन वाहक केवळ टेम्पोच्या मागे उभे राहण्यासाठी नेमल्यासारखे झाले!

एवढे वाचून कोणाला वाटेल, की हा लेख टेम्पोवाल्यांविरुद्ध आहे. मीही प्रथम तसाच विचार करीत होतो. परंतु माझा सख्खा मामा तीनचाकी टेम्पो चालवितो. दिवाळीच्या सुटीत एक दिवस मी मुद्दाम त्याच्याबरोबर हिंडलो. वह्या, फायली, कागदाचे गठ्ठे असा माल गोदामातून घ्यायचा आणि पेठांतल्या दुकानांत पोहोचवायचा, असे त्याचे काम. अप्पा बळवंत चौकात आम्ही एका दुकानासमोर आलो. कडेला जागा नव्हती. मामाने टेम्पो मोटारीशेजारी उभा केला आणि फळके पाडले. मागे लगेच बसचा भोंगा सुरू झाला. मला लाज वाटली. मी म्हणालो, "मामा, तू पण असाच उभा करतोस?"

त्याने एक गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी उचल, मग बोल." माल उतरवून निघाल्यावर तो बोलू लागला : "अरे, मला काय रस्त्यात उभं राहायची हौस आहे? दिवसाला वीस-पंचवीस ठिकाणी जायचं. प्रत्येक ठिकाणी लांब गाडी लावून खांद्यावरून आणायचं म्हटलं, तर निम्मा माल रात्री घरी परत न्यावा लागेल. आणि ती कडेची पांढरी मोटार बघितलीस? सकाळी लावलीय, रात्री हलेल. ती कुणाला दिसत नाही. माझा टेम्पो पाच मिनिटं उभा राहतो, तो मात्र साऱ्या पुण्याला दिसतो."

मामाचे हे बोलणे मी पुष्कळ दिवस मनात घोळविले, आणि माझे मत बदलले. आपण सारे दुसऱ्या रांगेला दोष देतो. पण दुसरी रांग होते ती पहिली रांग हलत नाही म्हणून. ज्याचा माल उतरायचा आहे तो दुकानदार बहुधा आपली स्वतःची गाडी सकाळी दुकानासमोर लावून बसतो आणि दिवसभर हलवीत नाही. गिऱ्हाइकाच्या गाड्या त्याच्या शेजारी. म्हणजे पाच मिनिटांच्या कामाला जागा नाही, आणि दहा तासांच्या विसाव्याला आहे! शिवाय दंड झाला तर तो टेम्पोवाल्याच्या खिशातून जातो. ज्याच्या दारात माल उतरला त्याला त्याची झळ लागत नाही. मग व्यवस्था बदलावी असे त्याला का वाटावे?

टेम्पोवाल्यांनी थोडे लांब उभे राहावे, असे म्हणणे सोपे आहे. मामाच्या हिशेबाने पाहू. वीस गठ्ठे आहेत आणि गाडी दुकानापासून साठ मीटरवर लावली. एकेक गठ्ठा नेला, तर जाऊन-येऊन वीस खेपांचे चोवीसशे मीटर झाले. म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता डोक्यावर ओझे घेऊन. तेच पाच-पाच गठ्ठे ढकलगाडीवर घातले, तर चार खेपांत चारशेऐंशी मीटरांत काम होते. सारांश, जागा जवळ हवी आणि हाताशी ढकलगाडी हवी. श्रमणाऱ्याच्या पाठीवर सारा भार टाकून बस मोकळी करणे हा न्याय नव्हे. ज्या शहरात हमालांनी संघटना उभारून आपला हक्क मिळविला, त्या शहराला तरी हे शोभणार नाही.

तेव्हा रस्त्याची कड ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्यावर पहिला हक्क कोणाचा हे ठरविणे हाच खरा प्रश्न आहे. माझ्या मते तो क्रम असा असावा : पहिला हक्क बसथांब्याचा, दुसरा माल उतरविण्याचा, आणि उरेल ती जागा खाजगी गाडी लावण्याचा. आज आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावण्याचे पी-१, पी-२चे फलक पुणेकरांना तोंडपाठ आहेत. पण "येथे फक्त माल उतरवावा, वीस मिनिटे" असा फलक पेठेत किती जणांनी पाहिला आहे? दर शे-दीडशे मीटरांवर दोन मोटारींची जागा रंगाचा पट्टा मारून राखून ठेवली, तर दुसऱ्या रांगेत उभे राहणाऱ्याला निमित्तच उरणार नाही. मग जो उभा राहील त्याला खुशाल दंड करावा. आणि थोडा मालाच्या मालकालाही.

दुसरा उपाय वेळेचा. हा उपाय फार जुना आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, की ज्युलियस सीझरच्या काळात रोम शहरात दिवसा मालाच्या गाड्यांना बंदी होती. सूर्योदयापासून दुपार उलटेपर्यंत त्यांनी शहरात हिंडायचे नाही, मंदिराच्या बांधकामाच्या सामानासारखे काही अपवाद सोडून. परिणाम असा झाला, की साऱ्या गाड्या रात्री येऊ लागल्या, आणि पुढे ज्युव्हेनल या कवीने रोममध्ये गाड्यांच्या खडखडाटाने झोप मिळत नाही अशी तक्रार केली! लंडनमध्ये याच्या उलट १९८५ सालापासून रात्रीच्या वेळी अवजड मालमोटारींवर निर्बंध आहेत, ते रहिवाशांच्या झोपेसाठीच. आपल्या पेठांत दुकानांच्या वर माणसे राहतात. त्यामुळे सारा माल मध्यरात्री आणा, असे म्हणणे बरोबर होणार नाही. हमालांनाही घरदार असते.

मग कोणती वेळ? पुण्याला ही वेळ परंपरेनेच दिलेली आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद, या पुणेरी रिवाजाची आजवर पुष्कळ थट्टा झाली. मी म्हणतो, आता तिचा उपयोग करू या. सकाळची कचेरीची आणि कॉलेजची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते. बसमध्ये बसायला जागा मिळते ती याच वेळी. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी एक ते चार या वेळांतच मोठ्या रस्त्यांवर माल उतरवावा, असे ठरले तर कोणाचेही फारसे बिघडणार नाही. दुकानदारांच्या वामकुक्षीत थोडा व्यत्यय येईल खरा. परंतु ज्यांनी आजवर गिऱ्हाइकांसाठी झोप मोडली नाही, त्यांनी शहरासाठी ती आळीपाळीने मोडावी, अशी विनंती आहे.

यावर काही आक्षेप येतील. "दुकानासमोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही," असे व्यापारी म्हणतात. २०१८ साली महापालिकेने वाहनतळाचे धोरण मंजूर केले, तेव्हाही गदारोळ झाला आणि अंमल रखडला. पण एका बसमधून शनिपारला जितकी माणसे उतरतात, तितक्यांना आपापल्या मोटारीने यायचे तर अख्खी कड पुरणार नाही. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. रस्ता एरवी किती अडलेला असतो, हे असा मोकळा रस्ता पाहिला म्हणजे कळते. दुसरा आक्षेप असा, की आता मेट्रो आली. २०२४च्या सप्टेंबरात तर ती मंडईच्या खालून स्वारगेटपर्यंत गेली. मेट्रो आली हे चांगलेच झाले. पण स्टेशनापर्यंत जायला आणि तेथून घरी यायला बसच लागते. आणि ज्या गावांना, वस्त्यांना मेट्रो नाही, तेथल्या विद्यार्थ्याला, मोलकरणीला, म्हाताऱ्या माणसाला बसवाचून दुसरे काय आहे? तिसरा आक्षेप, बससाठी वेगळा मार्ग करावा. तोही प्रयोग पुण्याने २००६ साली सातारा रस्त्यावर देशात सर्वांआधी केला. मात्र पेठेतल्या रस्त्यात वेगळा मार्ग आखायला जागा कोठून आणणार? येथे आहे तीच कड शहाणपणाने वाटून घेतली पाहिजे.

आणि आपण विद्यार्थी? आपणही या साखळीत आहोत. अप्पा बळवंत चौकात आपण ज्या वह्या आणि गाईडे घेतो, ती मामासारख्याच कोणाच्या तरी टेम्पोतून उतरलेली असतात. घरबसल्या मागविलेली वस्तू घेऊन येणारी गाडीही कोठेतरी दुसऱ्या रांगेत उभी राहूनच आपल्या दारी येते. आपल्यापैकी कित्येक जण कॉलेजच्या फाटकाबाहेर बसथांब्यातच दुचाकी लावतात आणि "दोनच मिनिटं" म्हणतात. टेम्पोवालाही तेच म्हणतो.

म्हणून शेवटी एक सूचना करतो. आपल्या भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी पुढील वर्षी प्रकल्प म्हणून एवढेच करावे : आठवडाभर, सकाळी नऊ ते बारा, शनिपार ते अप्पा बळवंत चौक या टप्प्यात घड्याळ आणि वही घेऊन दोन-दोन विद्यार्थ्यांनी उभे राहावे. किती बस अडल्या, किती मिनिटे अडल्या, कशामुळे अडल्या, त्या वेळी कडेची पहिली रांग कोणाची होती आणि थांब्याऐवजी रस्त्यात किती उतारूंना उतरावे लागले, हे लिहून काढावे. टेम्पोवाल्यांशी आणि दुकानदारांशीही बोलावे. ती वही महापालिकेकडे, वाहतूक पोलिसांकडे आणि पीएमपीकडे न्यावी. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजून काढलेला आकडा कचेरीत अधिक बोलतो, असे आमचे सर नेहमी सांगतात. पहिल्या दिवशी वही धरायला मी तयार आहे, आणि सुटी मिळाली तर मामाही येतो म्हणाला आहे.

— तृतीय वर्ष, कला